फोन स्टँडवर, की मांडीवर?

चतुर्थीला मोरगावला गाड्यांची रीघ लागते. अष्टविनायक यात्रा मयूरेश्वरापासून सुरू करायची रीत, त्यामुळे कुणी जेजुरीवरून येतं, कुणी चौफुल्याहून सुप्यामार्गे. अनेक चालकांना हा रस्ता नवा असतो, म्हणून फोनवर नकाशा चालू असतो. फोन नेमका कुठे ठेवला होता, ते आम्हाला अपघात विभागात कळतं. मांडीवर, गिअरजवळच्या खाचेत, नाहीतर डाव्या हातात.

गेल्या गळीत हंगामात पन्नाशीचे एक गृहस्थ आले. संध्याकाळच्या वेळी उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकले होते. त्यांचं मनगट मोडलं होतं, पत्नीच्या कपाळाला टाके घालावे लागले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, ‘‘डॉक्टर, फोनवर बोलत नव्हतो हो. फक्त वळण बघत होतो.’’ खिशातला फोन तेव्हाही पुढचा रस्ता सांगतच होता. माणूस खोटं बोलत नव्हता. वळण बघणं म्हणजे फोन वापरणं, हे त्यांच्या मनातच नव्हतं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी रस्ता दाखवणारं वेगळं यंत्र मिळायचं. गार्मिन, टॉमटॉम, आपल्याकडे मॅपमायइंडिया. काचेला चिकटवायचं आणि निघायचं. आज ते घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. उपग्रहांचे संकेत फोनही तसेच पकडतो, पुढची कोंडी दाखवतो, नकाशा ताजा ठेवतो आणि वेगळे पैसे पडत नाहीत. पण त्या यंत्रात दोन गुण होते. ते एका जागी, नजरेच्या टप्प्यात बसवलेलं असे आणि त्याला दुसरं काही येत नसे. त्यावर मेव्हण्याचा फोन येत नसे, सोसायटीच्या ग्रुपवरचं ‘सुप्रभात’ येत नसे. आपण नकाशा फोनवर घेतला आणि हे दोन्ही गुण दुकानातच सोडून आलो.

आता थोडं गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. मांडीवरच्या फोनकडे दोन सेकंद पाहिलं, की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि तेवढा रस्ता आपण पाहिलेलाच नसतो. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एका वेळी नजर दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये, हा त्यांतला मुख्य मुद्दा. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीसाठी आमच्या भागात दोन सेकंदही जास्तच होतात.

त्यात चाळिशी. वयानुसार डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि लांबून जवळ, जवळून लांब अशी नजर जुळवणं अवघड जातं. ‘प्रोग्रेसिव्ह’ चष्म्याचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, फोन मात्र हातभर लांब असतो. मग हनुवटी वर करून, डोळे बारीक करून नीट दिसेल अशी जागा शोधावी लागते. ती सापडेपर्यंत दोन सेकंदांचे चार होतात. पंचविशीच्या मुलाला हे जाणवत नाही, आणि पन्नाशीच्या वडिलांना ते मान्य करायचं नसतं. (मी स्वतः त्या दुसऱ्या गटातला.)

नजर रस्त्यावर परतली, तरी लक्ष लगेच परतत नाही. युटा विद्यापीठाचे डेव्हिड स्ट्रेयर यांनी २०१५ मध्ये गाडीला तोंडी आज्ञा देणाऱ्या चालकांचा अभ्यास केला. काही यंत्रणांबाबत, आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ववत व्हायला २७ सेकंदांपर्यंत लागत होते. म्हणजे फोनला हात न लावता चालत्या गाडीत नवा पत्ता सांगणंही निर्धोक नाही.

कायदा याबाबत उदार आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी फोन वापरता येतो. लोकांनी यातलं ‘वापरता येतो’ तेवढंच लक्षात ठेवलंय. मांडीवरचा फोन या अटीत बसतच नाही, असं माझं मत आहे.

स्टँडला काहीशे रुपये लागतात. तो काचेच्या खालच्या कोपऱ्यात, रस्ता झाकला जाणार नाही असा लावा. एअरबॅगच्या झाकणावर मात्र नको, कारण एअरबॅग फुगली की तोच स्टँड तोंडावर येतो. पत्ता गाडी उभी असतानाच घाला, आवाज चालू करा, कॉल आणि संदेश बंद. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे रेंज गेली तरी चालतो. उन्हाळ्यात काचेजवळ फोन तापून बंद पडू शकतो, एसीची झोत त्याच्याकडे वळवा. रस्ता चुकला तर चुकू द्या, पुढे वळता येतं. शेजारी कुणी बसलं असेल तर फोन सरळ त्यांच्या हाती द्यावा. आमच्या पिढीतल्या नवऱ्यांना हे जरा जड जातं.

नकाशाही चुकतो, अर्थात. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याकडचे तिघे कळसूबाईला निघाले होते. अकोले तालुक्यात कोतूळजवळ नकाशाने दाखवलेल्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेलेला होता. रात्रीची वेळ, गाडी पाण्यात गेली, एकाचा जीव गेला. तिथे जुनं यंत्र असतं तरी त्यानेही तोच पूल दाखवला असता. रात्री, पावसात, अनोळखी फाट्यावर टपरीवाल्याला विचारायला काच खाली घेतलेली बरी.

आणि दुर्दैवाने अपघात झालाच, तर मात्र तोच फोन कामाचा. १०८ ला फोन करणारे बाहेरगावचे लोक ‘मोरगावच्या अलीकडे कुठेतरी’ एवढंच सांगतात, आणि त्यात रुग्णवाहिकेची मिनिटं जातात. गाडीतून बाहेर या, रस्त्याच्या कडेला उभे राहा, नकाशा उघडा आणि जवळच्या गावाचं, वस्तीचं, पंपाचं नाव वाचून सांगा.