आतल्या मारामारीला माझं वकीलपत्र नाही

लोहारा तालुक्यातल्या ज्या घरांचा माणूस आज धाराशिवच्या जिल्हा कारागृहात आहे, त्या घरांना हा जाहीर इशारा आहे. तुरुंगाच्या नोकरीत असलेल्यांनीही वाचावा. अर्धा त्यांच्यासाठी आहे.

मुलाकातीला निघण्याआधी माझ्या ओट्यावर येऊन "वकीलसाहेब, एवढं आत पोचतं करा" म्हणणं आता बंद. गांजाची पुडी नको, सिमकार्ड नको, आणि "त्या शिपायाला बाहेर बघून घेऊ" हा निरोप तर अजिबात नको. येत्या एक तारखेपासून हे ज्याच्या तोंडून निघेल, त्याचं वकीलपत्र परत. फीसुद्धा परत करीन.

तुमचं लेकरू चोरीच्या गुन्ह्यात आत असतं. चार तारखा झाल्या की जामीन होण्यासारखा असतो. झडतीच्या वेळी ते शिपायाची कॉलर धरतं आणि तुम्ही गावात सांगत फिरता, पोरगं कुणाला भीत नाही! आता हिशेब ऐका. भारतीय न्याय संहितेचं कलम 121 : कामावरच्या सरकारी नोकराला दुखापत केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. हाड मोडलं तर कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त दहा. चोरी राहिली बाजूला, हा नवाच गुन्हा गळ्यात. शिक्षा भोगत असलेल्याचे माफीचे दिवसही जातात आणि फर्लोचा अर्ज अडकतो.

2024च्या फेब्रुवारीत येरवड्यात कैद्यांच्या टोळक्याने एका तुरुंगाधिकाऱ्याला जबर मारहाण केली. राज्यातल्या तुरुंगांची क्षमता सुमारे 27 हजार, कैदी 40 हजारांच्या वर. गिनतीला बॅरेकीत शिरणाऱ्या शिपायाजवळ बंदूक नसते, काठी असते. समोरची माणसं ऐकतात म्हणून त्याची पाळी निभते. तोही आपल्यासारख्याच कुठल्या तरी गावचा, रात्रपाळी करून एसटीने घरी जाणारा.

आता वर्दीवाल्यांकडे वळतो. माणसं ऐकतात ती काठीमुळे, असं तुमच्यातल्या काहींना वाटतं. 23 जून 2017ला भायखळ्याच्या महिला तुरुंगात दोन अंडी आणि पाच पावांचा हिशेब लागेना. मंजुळा शेट्ये ही शिक्षा भोगतानाच वॉर्डरचं काम करणारी बाई. मारहाणीनंतर ती मेली. सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. दुसऱ्या दिवशी कैदी बायका गच्चीवर चढल्या आणि दोनशेच्या वर जणींवर दंगलीचा गुन्हा लागला. त्या काठीने कुणाचा दरारा वाढला, ते मला सांगा.

आतलं बाहेर येत नाही, या भरवशावरही राहू नका. तिहारमध्ये नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी एका वॉर्डरने कैद्याचे हाल केले. सुनील बत्रा या दुसऱ्या कैद्याने थेट सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1979च्या डिसेंबरात निकालही दिला. साधं पत्र होतं ते.

हल्ली कैद्याला व्हिडिओवरून हजर करतात. पडद्यावर चेहरा दिसतो, पाठीवरचे वळ दिसत नाहीत. (ही सोय नेमकी कुणाची, हे मी कोर्टात विचारणार आहे.) म्हणून एक तारखेपासून माझ्या प्रत्येक अशिलाला मी एकच प्रश्न विचारणार : मारलं का? हो म्हणाला, तर त्याच दिवशी दोन अर्ज पडतील. एक प्रत्यक्ष हजर करण्यासाठी, दुसरा वैद्यकीय तपासणीसाठी. चहा पाजून, ओळख काढून ते मागे घेतले जाणार नाहीत.

दोघांनाही एक तारखेपर्यंत वेळ आहे. अर्जांचे नमुने टंकून ठेवलेत. नाव आणि तारीख तेवढी भरायची आहे.