‘दोघंच?’

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको आठ दिवस इटलीतल्या नेपल्सला जाणार, हे नांदेडात कळलं तेव्हा ‘नेपल्स कुठं आलं?’ असं कुणी विचारलं नाही. ‘किती खर्च आला?’ हा प्रश्नही दुसरा होता. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: ‘दोघंच?’

शेजारच्या काकूंनी विचारलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारलं, ज्यांच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकते त्या ताईंनी तोंडातली टाचणी काढून विचारलं. ‘दोघंच जायलाव? लेकरू कुठं ठेवायलाव?’ लेकरू सात वर्षांचं आहे आणि लातूरला आजोळी आंबे खात राहणार होतं. ‘आन् सासू-सासरे?’ ते घरीच, धडधाकट, आपापल्या सिरियलसमोर. एवढं सांगितल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जी शांतता यायची, ती मला पाठ झाली. पैसा असेल बाई तुमच्याकडं, पण हे बरं दिसत नाही, असं ती शांतता म्हणायची.

मी हे लिहितेय ते त्या ‘बरं दिसत नाही’च्या विरोधात.

आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे काय, ते आधी मांडते. बाईसाठी ती वाळवणांनी सुरू होते. पहाटे उठून गव्हाचा चीक हाटायचा, ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया घालायच्या. मग पापड, शेवया, सांडगे, खारोड्या. नांदेडचा पारा 43 वर गेला की माणसं हैराण होतात, पण ‘पापडाला ऊन चांगलं आहे’ असंही घरात कुणीतरी म्हणतंच. त्यात लग्नसराई. मग नणंदा माहेरपणाला येतात. त्या गेल्या की आपण चार दिवस आपल्या माहेरी जातो आणि तिथल्या वहिनीची सुट्टी संपवतो. एकीचं माहेरपण दुसरीच्या राबण्यावर उभं असतं, आणि या सगळ्याला आपण ‘सुट्ट्या लागल्या’ म्हणतो.

फिरायला जात नाही असंही नाही. तिरुपती झालं, माहूर दरवर्षी होतं, शिर्डी दोनदा झाली. अकरा माणसं, एक जीप, धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचे दोन जार. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्या जीपमध्ये मी नवऱ्याशेजारी एकदाही बसलेले नाही. तो पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे उलटी होणाऱ्या लेकरांजवळ. फोटो मात्र दोघांचा निघतो, देवळाच्या पायरीवर, मध्ये मुलगा उभा करून.

‘नवरा-बायकोनं दोघंच निघून जाणं आपल्यात नाही’, असं मला एका वडीलधाऱ्या नातेवाइकानं समजावलं. त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. आपल्यात आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडपासून आमच्या जिल्ह्यातल्या मुखेड-कंधारपर्यंत हजारो जोडपी घर सोडून साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. हिशेबात ती दोन माणसंसुद्धा नसतात. कित्येकांची मुलं मागे आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांना कुणी ‘दोघंच?’ असं विचारून टोकत नाही, आणि त्यांच्या लेकरांचं काय होतं याची चिंताही माझ्या काकूंनी कधी केल्याचं मला आठवत नाही. माझ्या आठ दिवसांची त्यांच्या पाच-सहा महिन्यांशी तुलना करायची लाज वाटते, ती मी करतही नाही. सांगायचं एवढंच, की दोघांनी मिळून राबायला निघणं आपल्याला चालतं. दोघांनी मिळून नुसतं बसायला निघालं, की संस्कृती आठवते.

आता पैशाचं. आम्ही दोघं नोकरी करतो. तीन वर्षं दर महिन्याला बाजूला टाकून आठ दिवसांचे साडेतीन लाख जमवले. ही रक्कम मोठी आहे आणि मराठवाड्यातल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे, हे मान्य. ‘इथं टँकर चालूयत आणि तुम्ही समुद्रावर’ हा टोमणा मला लागला, कारण तो अर्धा खरा होता. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा माझं माहेर त्या शहरात होतं. आंघोळीचं पाणी आम्ही संडासात वापरलं आहे. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच शहरात मी एका लग्नाला गेले होते. मंडपाच्या मागे पाण्याच्या छोट्या बाटल्यांचे खोके पुरुषभर उंच रचलेले होते. अर्ध्या बाटल्या दोन घोट घेऊन खुर्च्यांखाली सोडलेल्या होत्या. त्या यजमानांना कुणी दुष्काळाची आठवण करून दिली नाही. व्याजानं काढलेल्या पैशाचा हुंडा, चार तासांचा डीजे, हजार माणसांचं जेवण ही ‘रीत’ असते. दोघांच्या पगारातून साठवलेली सहल मात्र ‘चैन’ ठरते. फरक असा आहे, की लग्नात पैसा गावाला दाखवून खर्च होतो. आमचा गावाच्या नजरेआड खर्च होणार होता.

शेंगेन व्हिसासाठी देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली. बँकेची स्टेटमेंटं, शाळेचं रजेचं पत्र, हॉटेलची बुकिंगं, 30,000 युरोंचा विमा, बोटांचे ठसे. माणशी 90 युरो फी, व्हिसा मिळो न मिळो. आमच्यासारख्यांना आपण परत येणार आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यात अपमान आहेच. पण सगळं भरून झाल्यावर लक्षात आलं, की त्या ढीगभर कागदांत ‘दोघंच का?’ असा रकाना कुठेही नाही.

नेपल्स गोंडस शहर नाही. गल्ल्या अरुंद, भिंतींचा रंग उडालेला, समोरासमोरच्या बाल्कन्यांमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, स्कूटरवर तिघं. आम्हाला घरच्यासारखं वाटलं. हे ग्रीकांनी वसवलेलं शहर; नावाचा अर्थच ‘नवं नगर’. समोर भूमध्य समुद्र, मागे व्हेसुव्हियस, जो 1944 मध्ये शेवटचा पेटला.

तिथं तिसऱ्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. कारण कॉफी. त्यानं काउंटरवरून दोन कप आणले आणि माझ्या कपात दोन पुड्या साखर ओतली. मी म्हटलं, ‘मी चार वर्षं झाली साखर घेत नाही.’ तो म्हणाला, ‘घरी तर घेतेस की!’ घरी चहा एकाच पातेल्यात होतो, साखर घालूनच होतो. मी तो दोन घोट पिते आणि ठेवून देते. हे त्याला माहीत नव्हतं, आणि मी कधी सांगितलंही नव्हतं. कारण घरात आमचं बोलणं म्हणजे दूध, फी, गॅस, ईएमआय, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या. मग मीही चार गोष्टी बोलले, तोही बोलला. त्याला गेली दोन वर्षं बँकेतल्या नोकरीत गुदमरायला होतंय, रात्री झोप लागत नाही, हे मला परक्या शहरातल्या फुटपाथवर कळलं. आम्ही एकाच पलंगावर झोपतो.

संध्याकाळी समुद्रालगतच्या रस्त्यावर चालायला गेलो. तिथं सगळं गावच चालत असतं. त्यात सत्तरीची, ऐंशीची जोडपी हात धरून, हळूहळू, मध्येच कठड्याशी थांबून पाण्याकडे बघत. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. आम्ही मात्र बघत राहिलो. इटलीतले नवरे आदर्श असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण नांदेडात गोदावरीच्या घाटावर किंवा विसावा उद्यानात संध्याकाळी आम्ही दोघं नुसते बसलो, तर अर्ध्या तासात कुणी ओळखीचं ‘काय, घरी काही झालं का?’ असं विचारायला येतं.

मला नेपल्सच का हवं होतं, त्याचं उत्तर तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. 1938 मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात हस्तिदंताची एक वीतभर स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्याआधीच भारतातून तिथं पोचली होती. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती यक्षी असावी असंही मत आहे. तिच्या जवळच्या बहिणी सापडल्या त्या आपल्या मराठवाड्यात: एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. त्यामुळे ती मूळची भोकरदनच्या परिसरातली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवास-पुस्तकात त्याचं नाव आहे: भडोचच्या बंदरापासून पैठण 20 दिवसांवर, तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तगर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि पुढं जहाजातून पश्चिमेकडे. म्हणजे ‘आपला आणि त्या समुद्राचा काय संबंध?’ या प्रश्नाचं उत्तर दोन हजार वर्षं जुनं आहे.

आणि हो, ‘आधी आपलं तेर तर बघा’ असं म्हणणाऱ्यांना सांगते: बघितलंय. लातूरहून जेमतेम सव्वा-दीड तासाचा रस्ता. गोरोबाकाकांचं गाव, विटांचं त्रिविक्रम मंदिर, आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू जपून, गोळा करून उभा केलेला संग्रह, ज्याचं आज सरकारी संग्रहालय आहे. आम्ही गेलो त्या दुपारी तिथं आमच्याशिवाय कुणी नव्हतं. ‘आधी आपलं बघा’ असं मला सांगणाऱ्यांपैकी एकानंही तेर बघितलेलं नाही. हा सल्ला तेरच्या प्रेमापोटी येत नाही, तो मला घरी बसवण्यासाठी येतो.

नेपल्समध्ये ती मूर्ती ‘गुप्त दालनात’ ठेवली आहे. रोमन काळातल्या शृंगारिक वस्तूंची ही खोली दीर्घकाळ बंद असायची, आणि उघडली तरी बायकांना आत सोडत नसत. सगळ्यांसाठी ती नीट खुली झाली 2000 मध्ये. मी त्या काचेसमोर उभी राहिले. आमच्याकडच्या कुणा कारागिरानं घडवलेली बाई बैलगाडी आणि जहाजानं इतक्या लांब आली आणि मग अशा खोलीत राहिली, जिथं बाईलाच बंदी होती. बाईची मूर्ती कुठंही जाऊ शकते, बाजारात तिला मोल येतं. हाडामासाची बाई निघाली, की कुरडयांचं काय, लेकराचं काय, लोक काय म्हणतील.

माझ्याच वयाच्या मैत्रिणींचा आणि वाचकांचा एक वेगळा आक्षेप असेल, तोही घेते. पर्यटकांनी ही शहरं महाग केली, स्थानिकांना घरं मिळेनाशी झाली. खरं आहे. जुलै 2024 मध्ये बार्सिलोनातल्या लोकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, त्या रागाला कारण आहे. विमानाच्या धुराचा हिशेबही आहे. म्हणून मी ‘युरोपला जा’ असं कुणालाच सांगत नाही. आणखी एक कबुली: पहिल्या दिवशी मीही रील टाकलं. बाराशे लोकांनी बघितलं, आणि संध्याकाळभर आम्ही दोघं समुद्राऐवजी कमेंट बघत बसलो. गावाची नजर चुकवायला निघालो आणि तीच खिशातून घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी ॲप काढून टाकलं. कॉफीचं भांडण त्याच्यानंतरचं आहे.

तेव्हा मागणी छोटी आहे. दोघंच जा. होट्टलची देवळं बघायला देगलूरला जा, कंधारच्या किल्ल्यात जा, तेरला जा, एका रात्रीसाठी जा. लग्न ठरत असेल तर पगार आणि पत्रिकेसोबत हेही विचारा: वर्षातून चार दिवस आपण दोघंच असू का? समोरचा हसला तर आत्ताच कळलेलं बरं. आणि ‘दोघंच?’ असं कुणी विचारलं, तर खुलासा देऊ नका. मी महिनाभर देत राहिले, ती माझी चूक. उत्तर एका शब्दाचं आहे: ‘हो.’

परत आल्यावर एका दुपारी सासूबाई कुरडया डब्यात भरत होत्या. फोटो त्यांनी आधीच पाहिले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘तिथं म्हातारी माणसं बी हात धरून फिरतेत व्हय?’ मी ‘हो’ म्हटलं. त्यांच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झालीत, आणि ते दोघंच असे कुठंही गेलेले नाहीत. मी म्हटलं, ‘तुमची दोघांची तिकिटं काढू का? गणपतीपुळे, चार दिवस.’ त्या डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, ‘त्यांना इचार.’

विचारलं. सासऱ्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, ‘दोघंच?’