सातशे रुपयांत फ्रान्स

आमच्याकडे लोह्यात ‘वाइन’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो दुकानाच्या पाटीवर. तिथं वाइन सोडून सगळं मिळायचं आणि मुलींनी त्या बाजूनं जायचं नाही, एवढंच वाइनबद्दलचं आमचं ज्ञान!

त्यामुळे आमच्या दहावीच्या बॅचच्या पुण्यातल्या ग्रुपनं वाइन टेस्टिंगचा बेत केला आणि बाटल्या निवडायचं काम माझ्या गळ्यात घातलं (‘तू पत्रकार ना, तुला सगळं माहीत असतं’), तेव्हा सॉलिड टेन्शन आलं. वाइन फ्रेंचच हवी, ही आयटीवाल्याची अट. वर्गणी दोन हजार ठेवू म्हणाला. मी सातशेवर अडून बसले. कारण आमच्यातला एक जण अजून एमपीएससी करतोय. सातशे म्हणजे त्याचा मेसचा जवळजवळ एक आठवडा. मागच्या पार्टीला ‘अभ्यास आहे’ म्हणून तो आला नव्हता. अभ्यास नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

तर आठ जण, 5600 रुपये. एक सांगते, नेटवरच्या ‘पाच युरोतल्या मस्त वाइन्स’ वाचून दुकानात जाऊ नका. आयात वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के कस्टम ड्यूटी लागत आली. वर वाहतूक, राज्याचे कर, दुकानदाराचं मार्जिन. तिथं रोजच्या जेवणाबरोबर घेतात ती बाटली इथं शोकेसमध्ये जाऊन बसते. आपल्या बजेटमध्ये येणारी फ्रेंच वाइन ही तिथली पहिल्या पायरीवरची असणार. हे एकदा मान्य केलं की डोकं शांत होतं.

मग लेबल. फ्रेंच लेबलवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. आपण नाही का तूरडाळ घेताना ‘बोरसुरीची आहे का?’ विचारत? लातूरच्या त्या डाळीला 2024 मध्ये जीआय मिळाला. फ्रान्सनं वाइनसाठी हा हिशेब 1935 मध्येच कायद्यात बसवला. आता गंमत बघा. रोन नदीच्या खोऱ्यातलं शातोनफ-द्यु-पाप हे बडं प्रस्थ, आपल्या आवाक्याबाहेर. पण त्याच खोऱ्यात, मुख्यतः त्याच ग्रनाश द्राक्षाची ‘कोत द्यु रोन’ बरीच स्वस्त. म्हणजे कोरेगाव पार्कच्या मागच्या गल्लीत फ्लॅट घेतल्यासारखं! रेड ती ठरली. व्हाइटसाठी दक्षिणेची ‘पेई दॉक’वाली सोव्हिन्यों ब्लां, या बाटल्यांवर द्राक्षाचं नाव छापलेलं असतं, नवख्यांना बरं. बोर्दो मी मुद्दाम सोडली. या किमतीत तिथं निम्मे पैसे नावाचेच जातात, असं माझं मत. आयटीवाला अजून रुसलाय.

टेस्टिंगला घोट 50 मिलीचा पुरतो. 750 मिलीच्या बाटलीत पंधरा घोट, म्हणजे प्रत्येक प्रकारची एकच बाटली. दोन फ्रेंच बाटल्या चार हजारांच्या थोड्या पुढे गेल्या. उरलेल्या पैशांत चीज, पाव आणि गुपचूप नाशिकची एक शेनिन ब्लां. (हे द्राक्षही मूळचं फ्रान्सचंच, ल्वार खोऱ्यातलं. म्हणजे अट मोडली नाही!) परमिट दुकानातच झालं.

एक टीप: ‘रेड रूम टेम्परेचरला प्या’ हा फंडा थंड देशातल्या खोल्यांचा आहे. आपल्या तीस डिग्रीत ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच.

तिन्ही बाटल्या मी पेपरात गुंडाळल्या. 1976 मध्ये पॅरिसला अशाच नावं झाकलेल्या टेस्टिंगमध्ये फ्रेंच परीक्षकांनी रेड आणि व्हाइट दोन्हींत कॅलिफोर्नियाला पहिला नंबर दिला होता. आमच्याकडे आयटीवाल्यानं दुसरा ग्लास फिरवून ‘ही खरी फ्रेंच, फिनिश बघा’ म्हणून जाहीर केलं. ती नाशिकची होती.

एमपीएससीवाला मात्र पहिला घोट घेऊन बराच वेळ गप्प. आयुष्यातली त्याची ही पहिली वाइन. मला वाटलं, लाजला. मग म्हणाला, “ही चिंचंच्या कोळावानी लागायलीय, अन् ती दुसरी पिकल्या पेरूवानी. तिसरी लई तुरट हाय, पण जेवणासंगं चालंल.” सोव्हिन्यों, शेनिन, कोत द्यु रोन. तिन्ही बरोब्बर!

“तुला कसं कळलं रे?”

“माळेगावच्या जत्रंत घोडं घेताना दात बघतेत. झूल कोण बघतंय?”

मतदानात नाशिकला पाच, कोत द्यु रोनला तीन. सोव्हिन्योंला भोपळा, मला स्वतःला ती आवडली होती, पण मी गप्प बसले. 

पुढच्या वेळची वर्गणीही सातशेच ठरली, कुणीच वाद घातला नाही. निघताना एमपीएससीवाल्यानं बाटल्यांवरचे पेपर अलगद सोडवले, घडी घालून बॅगेत ठेवले. चालू घडामोडींसाठी.