समुद्र पाहणे ही चैन नव्हे

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कापसाने समुद्र पाहिला त्याला दीडशे वर्षे होऊन गेली. १८६७ साली मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत येऊन पोचला आणि आपल्याकडच्या कापसाच्या गाठी मुंबई बंदरात व तिथून विलायतेच्या गिरण्यांत जाऊ लागल्या. कापूस गेला, परंतु तो वेचणारे हात वावरातच राहिले. आजही माझ्या गावात समुद्र पाहिलेली माणसे बोटांवर मोजता येतील आणि त्यांत बायका तर जवळजवळ नाहीतच. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केले होते की महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे. 'लाभला आहे' हा शब्द वाचताना तो कोणाला लाभला, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता पडतो.

कोणी म्हणेल, जिथे कापसाला धड भाव नाही, कर्जाचे हप्ते थकलेले आहेत, तिथे समुद्राचे कौतुक कशाला? माझ्या वडिलांनीही हेच विचारले होते. "समुद्र पाहून काय पोट भरते?" प्रश्न रास्त आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे मला ठाऊक आहे. तरीही या प्रश्नाला उत्तर आहे असे मला वाटते आणि ते आपल्यासारख्या विद्यार्थ्यांपुढे व प्राध्यापकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आमच्या गावात घराबाहेर पडायला कारण लागते. लग्न, मयत, दवाखाना आणि देव ही चार कारणे मान्य आहेत. शेगाव, माहूर, पंढरपूर येथे जाता येते. परंतु 'सहज' कुठे जाता येत नाही, आणि बाईला तर नाहीच. गेल्या मे महिन्यात आई आणि मी कोकणात गेलो, तेही मामाच्या घरी बाळंतपण होते म्हणून. माझा मामा चिपळूण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. विदर्भातली कितीतरी मुले अशी तिकडे नोकरीला गेली आहेत. पऱ्हाटी उपटून झाली होती, पेरणीला अवकाश होता, म्हणून आईला निघता आले. वडील बैलांसाठी मागे राहिले. वर्ध्याहून मुंबई, मुंबईहून कोकण रेल्वेने चिपळूण, आणि चार दिवसांनी मामा आम्हाला एस.टी.ने गुहागरला घेऊन गेला. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, ते नसते तर आई त्या गाडीतही बसली नसती.

गुहागर हे अगदी लहान गाव आहे. एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, घरांमागे नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये व्याडेश्वराचे देऊळ, आणि या सगळ्याच्या पाठीमागे, परसदारी विहीर असावी तसा, समुद्र. किनारा जवळजवळ सरळ असून काही किलोमीटर लांब आहे. कडेने सुरूची झाडे आहेत. आम्ही आधी व्याडेश्वराचे दर्शन घेतले, म्हणजे देवाचे कारणही पूर्ण झाले, आणि मग वाळूवर आलो. तिथे फाटक नव्हते, तिकीट नव्हते, कोणी हटकले नाही.

संध्याकाळची वेळ होती. किनाऱ्यावर सगळी घरचीच माणसे. नऊवारी नेसलेली एक आजी नातवाचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी होती. बुरखा घेतलेल्या दोघी चपला हातात धरून लाटेच्या कडेने चालत होत्या. पोरे वाळूत चेंडू खेळत होती. कोणीतरी डबा उघडून बसले होते. लाटा दुरून उठत, फुटत आणि पांढरा फेस पायांपर्यंत आणून परत जात. आई बराच वेळ उभीच राहिली. मग मामाला तिने विचारले, "इथं नुसतं बसाचं? काम काई नाही?" मामा म्हणाला, "नाही ताई. बस."

आणि ती बसली. मित्रमैत्रिणींनो, मला समुद्राचे जेवढे नवल वाटले तेवढेच याचे वाटले. माझ्या एकोणीस वर्षांत उघड्यावर, चार माणसांत, हातात कोणतेही काम न घेता माझी आई बसलेली मी पाहिली नव्हती. आपल्या गावात बसण्याच्या जागा कमी नाहीत. पार आहे, चावडी आहे, पानठेला आहे, बसथांब्याचा कट्टा आहे. पण त्या सगळ्या पुरुषांच्या. बाई तिथून डोक्यावरचा पदर सावरत जाते, थांबत नाही. ती बसते ती निंदताना, भाकरी थापताना, तांदूळ निवडताना. विसावा हा शब्द आपण कवितेत वाचतो. ज्यांच्या श्रमावर आपली फी भरली जाते त्यांच्या वाट्याला तो किती येतो, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही.

म्हणून मी म्हणते की समुद्र पाहणे ही चैन नव्हे. चैन म्हणजे दुसऱ्याला परवडत नाही ते आपण विकत घेणे. गुहागरच्या वाळूवर विकत घेण्यासारखे फारसे नव्हतेच. तिथे जे मिळाले ते फुकट होते आणि सर्वांना सारखे होते. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ, ज्याला सर्फिंग म्हणतात, तो आपण सिनेमात श्रीमंतांचा म्हणून पाहतो. पण चेन्नईजवळच्या कोवलम गावात कोळ्यांची मुले तो शिकली आणि त्यात नाव काढू लागली. पाणी सर्वांचे असले म्हणजे असे घडते.

पाणी सर्वांचे असावे, हे तत्त्व आपल्या देशाला फुकट मिळालेले नाही. कोकणातल्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ते पाणी पिण्यासाठी लढावे लागले. १९३० साली गांधीजी साबरमतीहून चालत दांडीच्या किनाऱ्यावर गेले आणि ६ एप्रिलला त्यांनी चिमूटभर मीठ उचलले. समुद्राने दिलेल्या मिठावर सरकारची मालकी नाही, हेच त्यांना सांगायचे होते. पुढे हेच गांधीजी १९३६ साली आपल्या जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आले आणि त्या गावाचे सेवाग्राम झाले. त्याआधी १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी दलितांना खुले केले होते. ज्या जिल्ह्याचा इतिहास असा आहे, त्याच्या मुलांनी तरी सार्वजनिक जागेची किंमत ओळखायला हवी.

ही किंमत आजच ओळखायची गरज आहे, कारण किनारे बदलत आहेत. १९९१ साली किनारा नियमनाची पहिली अधिसूचना निघाली तेव्हा भरतीरेषेजवळच्या बांधकामांवर कडक बंधने आली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरची बांधकामबंदीची हद्द २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. स्थानिक माणसाला आपले घर नीट बांधता यावे, हे मला मान्य आहे. पण त्याच वाटेने मोठी हॉटेले येतात आणि हॉटेलामागून कुंपण येते. २०२५ मध्ये गुहागरसह राज्यातल्या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' या आंतरराष्ट्रीय योजनेत प्रायोगिक पातळीवरचे मानांकन मिळाले. स्वच्छ पाणी, स्वच्छतागृहे, जीवरक्षक या तिच्या अटी चांगल्याच आहेत. बायकांना तर स्वच्छतागृह सर्वांत आधी लागते. परंतु देशातल्या काही मानांकित किनाऱ्यांवर प्रवेशशुल्क घेतले जाते. ते इथे येऊ नये. पाच जणांच्या कुटुंबाला वीस-वीस रुपये द्यावे लागले तर आमच्यासारखे लोक फाटकाबाहेरूनच परत फिरतील.

आता धोक्याविषयी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. अशी बातमी आली की पालक सहलीचे नावच काढू देत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु बंदी हा उपाय नव्हे, माहिती हा उपाय आहे. आपण विदर्भाची मुले नदीत आणि विहिरीत पोहायला शिकतो. नदी एका दिशेने वाहते, समुद्राचे तसे नाही. भरती-ओहोटी दिवसातून साधारण दोनदा होते आणि तिची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेले पाणी कुठेतरी वाट काढून जोराने परत जात असते. ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसते, नेमका तोच पट्टा पुष्कळदा माणसाला आत ओढतो. अशा ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजायचे नसते, आधी किनाऱ्याला समांतर पोहून तिच्यातून बाहेर पडायचे असते. मामाने आम्हाला एवढेच सांगितले होते की स्थानिक माणूस जिथे उतरत नाही तिथे उतरायचे नाही आणि गुडघ्यापुढे जायचे नाही. हे सहलीआधी वर्गात एका तासात शिकवता येईल.

यावरून माझी महाविद्यालयाला एक विनंती आहे. आपली वार्षिक सहल हिवाळ्यात निघते. तेव्हा कापसाची वेचणी चालू असते आणि खेड्यातल्या मुलामुलींना घरून सुट्टी मिळत नाही. दरवर्षी नाही, निदान दोन वर्षांतून एकदा ती परीक्षेनंतर, पेरणीच्या आधी काढावी. एस.टी.ने आणि रेल्वेने जावे, धर्मशाळेत उतरावे, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना आपला खर्च भरून आईला बरोबर आणता यावे. आई बरोबर आहे म्हटल्यावर कितीतरी मुलींना परवानगी मिळेल. प्राध्यापकांची काळजीही कमी होईल, कारण पंधरा आया किनाऱ्यावर असताना कोणता मुलगा खोल पाण्यात जाण्याची हिंमत करील?

हे जमेपर्यंत आपल्याजवळ पवनार आहे. धाम नदीच्या खडकांवर बसायला आजही तिकीट लागत नाही. एखाद्या रविवारी तिथे मित्रांबरोबर जाण्याऐवजी आईला घेऊन जावे, आणि तिने काही काम काढलेच तर ते तिच्या हातातून घ्यावे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन की समुद्र पाहून पोट भरत नाही, हे खरेच आहे. पण पोट भरण्यासाठी जे जन्मभर राबतात, त्यांना वर्षातली एक संध्याकाळ तरी हिशेबाबाहेरची मिळाली पाहिजे. ती मागणे हा हट्ट नाही. शिकलेल्या मुलांनी आपल्या घरासाठी मागण्यासारखी ती साधी गोष्ट आहे.

— बी. ए. भाग दोनची विद्यार्थिनी