टीचर, परी खरी असते का?

"टीचर, पोरगी रोज घरी येऊन परी आणि जादूच्या कांडीचं सांगते. आपल्यात हे चालतं का?" शाळा सुटल्यावर एका वडिलांनी मला फाटकाशी गाठून विचारलं. आवाजात राग नव्हता, काळजी होती. जादू हराम, खोटं बोलणं गुनाह, आणि इथे टीचरच भोपळ्याची बग्गी करते! त्यांच्या जागी मी असते तर मलाही प्रश्न पडला असता.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. 'एक होता राजा' म्हटलं की दुसरीतलं मूलही ओळखतं, ही गोष्ट आहे. खोटं म्हणजे समोरच्याला फसवणं; इथे कुणी कुणाला फसवत नाही. आपल्या बुजुर्गांनाही गोष्टींचं वावडं नव्हतं. पंचतंत्रातले कोल्हे इब्नुल मुकफ्फा यांनी आठव्या शतकात पहलवीतून अरबीत आणले, तेच 'कलीला व दिम्ना'. एक पथ्य मात्र मी कडक पाळते. घरी माझ्या मुलांना पैगंबरांच्या हकीकती सांगताना परीकथेचा सूर लावत नाही आणि दोन्ही एका बैठकीत सांगत नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांची हकीकत कुरआनातली, म्हणून खरी. सिंड्रेला गोष्टीतली. मुलांनी विचारलं तर असंच सरळ सांगावं.

आता वर्गातलं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी दखनी बोलतात. मराठीचं पुस्तक उघडलं की तोंडं बंद! एक मुलगा तर जूनपासून नुसती मान हलवायचा. सिंड्रेलाच्या काचेच्या बुटापर्यंत आले आणि तो एकदम म्हणाला, "टीचर, उसकू कांच लगती नै क्या?" सगळे हसले. मी मराठीत विचारलं, "तुला टोचली तर तू काय करशील?" थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मोजा घालीन." त्याचं ते पहिलं मराठी वाक्य. बाराच्या ठोक्यामुळे पुठ्ठ्याच्या घड्याळाचा धडाही त्याच तासाला झाला, ते वेगळंच.

पण माझ्या हातून एक चूकही झाली आहे. काही वर्षांपूर्वी हीच गोष्ट सांगताना मी सावत्र आई आवाज काढून चांगलीच रंगवली. वर्गात एक मुलगी होती. तिची अम्मी वारली होती आणि घरात नवी अम्मी आली होती. मला हे ठाऊक होतं, पण गोष्टीच्या भरात विसरले. मधल्या सुट्टीत ती डबा न उघडता बसून राहिली. जवळ गेले तर हळूच म्हणाली, "माझी नवी अम्मीपण तशी होणार?" मी म्हटलं, "ती गोष्टीतली होती. तुझी काय करते?" बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "वेणी घालते. घट्ट घालते." मग डबा उघडला. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

गोष्ट सोडून द्यावी असं तेव्हा वाटलं होतं. सोडली नाही, सांगण्याची तऱ्हा बदलली. शार्ल पेरो यांनी 1697 मध्ये पॅरिसला छापलेल्या सिंड्रेलात तिचे वडील जिवंत आहेत. ते पूर्णपणे बायकोच्या कह्यात, तक्रार केली तर मुलीलाच रागावतील असे. आपल्याकडच्या कितीतरी चित्रपुस्तकांत ते दिसतच नाहीत. मी त्यांना परत आणते आणि विचारते, "हे सगळं चाललं होतं तेव्हा अब्बा कुठे होते?" मागच्या महिन्यात उत्तरं आली: "दुबईला." "ड्युटीवर." "झोपले होते." आणि मागच्या बाकावरून, "मोबाइल बघत होते."

फाटकाशी थांबलेल्या त्या वडिलांना मी हेही सांगितलं. ते हसले नाहीत. पुढच्या गुरुवारी गोष्टीच्या तासाला मागे बसू का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, फक्त अट घातली की त्यांनीही लहानपणी ऐकलेली एक गोष्ट मुलांना सांगायची.