दोष दाखवावा, मन दुखवू नये

हल्ली बहुतेक घरांत कोणाला ना कोणाला छायाचित्रणाचा छंद असतो. महाविद्यालयात जाणारी नात, पेढी सांभाळणारा मुलगा, दुपारी थोडी उसंत मिळणाऱ्या सूनबाई, असे अनेकजण आपली छायाचित्रे मोबाइलवरील छायाचित्रकारांच्या समूहांत ठेवतात आणि जाणकारांच्या अभिप्रायाची वाट पाहतात. अभिप्राय बहुधा दोनच प्रकारचे येतात. एक ‘अप्रतिम!’ आणि दुसरा ‘याला छायाचित्र म्हणतात का?’ दोहोंतूनही शिकण्यासारखे काही हाती लागत नाही. दुसऱ्याने तर नवशिक्याचा कॅमेरा कपाटात जातो, आणि पुष्कळदा तो पुन्हा बाहेर निघत नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ मध्ये कोलकात्यात झाला. १८६३ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी, मुलीने व जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावरील आपल्या घरी त्यांनी कोळशाच्या कोठीत अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या जागी स्टुडिओ थाटला. त्या काळी काचेवर रसायनांचा थर चढवून, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे. कॅमेरॉनबाईंची व्यक्तिचित्रे काहीशी धूसर असत. काचेवर ओरखडे व बोटांचे ठसेही राहत. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या मुखपत्राने त्यांच्यावर बोचरी टीका केली.

या टीकेत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली होती. ओरखडे आणि ठसे ही हाताळणीतील उणीव होती. धूसरता मात्र त्यांनी जाणून स्वीकारलेली होती. १८६४ च्या अखेरीस त्यांनी आपले जुने स्नेही, खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांना पत्र लिहिले. कोणता फोकस योग्य हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा, असा त्यांचा प्रश्न होता. हाच प्रश्न टीकाकारांनी त्यांना आधी विचारावयास हवा होता. पुढच्याच वर्षी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, त्यांची छायाचित्रे विकत घेतली.

१८६९ मध्ये त्यांच्या मौल्यवान काचांवरील थराला तडे जाऊ लागले, तेव्हा कॅमेरॉनबाईंनी ही अडचण त्याच सोसायटीच्या सदस्यांपुढे मांडली, आणि तेथे तड्यांच्या संभाव्य कारणांची चर्चा झाली. अडचण नेमकी मांडली गेली की बोलणे व्यक्तीवरून कामावर येते, ते असे.

अभिप्राय देणाऱ्याने म्हणून आधी विचारावे, ‘आपल्याला यात काय दाखवायचे होते?’ मग छायाचित्रात जे साधले आहे, ते नेमके सांगावे. त्यानंतर उणीव आणि तिच्यावरचा उपाय एकत्रच सांगावेत. ‘डोक्यामागून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतो; दोन पावले डावीकडे सरकून पाहा.’ ‘धावणाऱ्या मुलाची आकृती पुसट आली आहे, शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवून पाहा.’ ‘क्षितिजरेषा कलली आहे, ती सरळ केली तर समुद्र स्थिर वाटेल.’ अशा वाक्यांत ‘तुम्हाला जमत नाही’ हा शब्दप्रयोग कोठेच येत नाही, तरी दोष लपविलेला नसतो. उणीव मोठी असेल तर ती चारचौघांत न सांगता खासगीत कळवावी.

केवळ स्तुती करणे हेही सौजन्य नव्हे. व्यापारात मुरलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागत नाही. मालात खोट दिसूनही गोड बोलून निघून गेलेले गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. कापडाचा रंग उतरतो असे तोंडावर सांगणारे गिऱ्हाईक दुकानाचे हितच करते. सराफ नाणे खोटे आहे असे सांगतो, पण ते आणणाऱ्याला खोटे म्हणत नाही. हा विवेक पेढीवर पाळला जातो. मोबाइलवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, एवढ्याच कारणाने तो सुटावा हे योग्य नव्हे.

छायाचित्र ठेवणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. ‘कसे वाटले?’ एवढेच न विचारता ‘चेहऱ्यावर उजेड कमी पडला का?’ असे विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. आलेला अभिप्राय कटू वाटला तर लगेच उत्तर देऊ नये. एक रात्र जाऊ द्यावी आणि छायाचित्र पुन्हा पाहावे. सांगणारा कठोर असला तरी त्याचे म्हणणे खरे असू शकते.

घरातील एखादे मूल उद्या मोबाइल पुढे करून आपण टिपलेले चित्र दाखवील. त्या वेळी हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे, चित्र नीट पाहावे, आणि ‘छान’ म्हणण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा.