विसर्जनासाठी घडवलेली मूर्ती
मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता जिथे फुटतो, त्या वडखळजवळच्या पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील गणपतीच्या कारखान्यांना ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळापाठोपाठ, करोनाच्या साथीमुळे सार्वजनिक मूर्तींवर आलेली चार फुटांची मर्यादाही सोसावी लागली. एरवी पार्थिव पूजेत, म्हणजे मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठेने देवत्व आवाहून पुढे तिला पाण्यात निरोप देण्याच्या विधीत, अनित्यता गृहीतच असते, आणि आखणी, म्हणजे डोळे रेखण्याचे सर्वांत नाजूक काम, करणारा कारागीरही हे जाणूनच कुंचला उचलतो. मात्र ठरलेल्या तिथीचे विसर्जन वेगळे आणि अवचित संकट वेगळे, हा भेद (भाविक विवेचनांत तो सहसा निसटतो) मूर्तिकाराला उधारीच्या वहीतच आधी दिसतो.